स्वतःचें रक्त परत येतें तेव्हां

यवतमाळ जिल्ह्यांत, विशेषतः केळापूर, झरी-जामणी, मारेगांव आणि घाटंजी या तालुक्यांत, सिकलसेल हा शब्द आतां फारसा कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. कोलाम, गोंड, परधान यांच्या वस्त्यांत आणि इतरहि समाजांत घरचा कोण ‘ए-एस’ व कोण ‘एस-एस’ हें शाळेचें तोंड न पाहिलेली आजीदेखील सांगते. आईकडून एक व बापाकडून एक असे दोन सदोष वारसे ज्या मुलाच्या वांट्यास आले तें ‘एस-एस’, म्हणजे रोगी. एकच वारसा आला तें ‘ए-एस’, म्हणजे केवळ वाहक. वाहकाला बहुधा कांहींच त्रास नसतो. रोग्याच्या तांबड्या पेशी मात्र प्राणवायु कमी पडतांच वांकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातपाय असे ठणकूं लागतात कीं, मूल रात्र रात्र झोंपत नाहीं. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांतच नाश पावते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं या पेशींचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें, आणि १९४९ मध्यें लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोषाचें मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूंतच असल्याचें दाखवून दिलें. आपल्या देशांत १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटि लोकांचें रक्त तपासण्याचा तिचा संकल्प आहे.

हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानें हा रोग पुष्कळ आटोक्यांत राहतो, आणि तें औषध नियमानें घेणें हेंच बहुसंख्य रोग्यांच्या हिताचें आहे. परंतु रोग मुळासकट घालविण्याचा जुना व सिद्ध मार्ग एकच, तो म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशींचें प्रत्यारोपण. रक्त हें रक्तवाहिन्यांत तयार होत नसतें. हाडांच्या पोकळींत जी मज्जा असते तिच्यांत थोड्याशा मूळपेशी असतात, आणि त्यांच्याच संततींतून सारें रक्त निर्माण होतें. प्रौढ माणसाच्या मज्जेंतून दररोज सुमारें वीस हजार कोटि तांबड्या पेशी बाहेर पडतात. ज्याच्या मूळपेशींतच दोष आहे त्याला बाहेरून कितीहि रक्त चढविलें तरी तें चार दिवसांचें उसनें ठरतें. म्हणून डॉक्टर तीव्र औषधांनीं, क्वचित् किरणांनीं, रोग्याची मज्जा रिकामी करतात आणि जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशी साध्या शिरेंतून आंत सोडतात. त्या पेशी रक्तांतून फिरत फिरत हाडांत जाऊन बसतात. त्यांना घराचा पत्ता कोणी सांगावा लागत नाहीं. दोन ते चार आठवड्यांत नवें रक्त दिसूं लागतें. भारतांत असें पहिलें यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ सालीं केलें. रोग रक्ताचा कर्करोग होता, रोगी एक लहान मुलगी होती व दाता तिचा भाऊ. पुढें १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतहि डॉ. मॅमेन चॅंडी यांच्या नेतृत्वाखालीं हें काम सुरू झालें.

येथपर्यंतची हकीकत वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांना परिचयाची असेल. तिच्यांतील एक चमत्कारिक वळण मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. कधीं कधीं असें घडतें कीं, प्रत्यारोपणानंतर तीन-चार आठवडे लोटतात, पांढऱ्या पेशींचा आंकडा वर चढूं लागतो, घरचीं माणसें पेढ्यांची भाषा बोलूं लागतात, आणि तपासणीअंतीं कळतें कीं वाढलेलें रक्त दात्याचें नाहींच. तें रोग्याचें स्वतःचेंच आहे. ज्याला औषधें देऊन घालवून दिलें होतें तेंच परत आलें.

वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्यास ही गोष्ट उमजणें अवघड जाऊं नये. नागपुरी संत्र्याचें कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. डोळा जोमानें फुटला कीं वर संत्र्याचें झाड होतें. पण डोळा सुकला, किंवा बागवानानें लक्ष दिलें नाहीं, तर जोडाच्या खालून जंबेरीचे फुटवे उठतात. झाड हिरवेंगार दिसतें. दुरून पाहणारा म्हणतो, कलम लागलें. फळ हातीं येतें तें मात्र आंबट. मज्जेचेंहि असेंच आहे. रक्ताच्या साध्या मोजणींत पेशी वाढल्या एवढेंच दिसतें, त्या कोणाच्या हें दिसत नाहीं. त्यासाठीं दात्याच्या व रोग्याच्या डीएनएचे ठसे आधीं घेऊन ठेवतात आणि प्रत्यारोपणानंतर ठराविक काळानें रक्तांतील ठशांशीं ताडून पाहतात. दाता भाऊ आणि रोगी बहीण असेल तर पुरुषाचें ‘वाय’ गुणसूत्र किती पेशींत आहे हें मोजूनहि अंदाज येतो.

परत येण्याचीं कारणें दोन प्रकारचीं आहेत. एक, मज्जा रिकामी करणारीं औषधें कितीहि तीव्र असलीं तरी कोठल्या तरी कोपऱ्यांत कांहीं मूळपेशी जिवंत राहूं शकतात. आणि रोग्याची प्रकृति नाजूक म्हणून औषध सौम्य दिलें असेल तर अशा पेशी अधिक उरतात. दुसरें, रोग्याच्या शरीरांतील रक्षक पेशी, ज्यांचें कामच मुळीं परक्याला ओळखून हांकलणें हें आहे, त्या दात्याच्या पेशींवर चाल करून जातात. ज्याला पूर्वीं अनेकदां बाहेरचें रक्त चढविलें आहे त्याच्या रक्षक पेशी तर परक्यांविरुद्ध आधींच जाग्या झालेल्या असतात. दात्याची मज्जा हटली आणि स्वतःची उरलेली असली, कीं ती मोकळी झालेली जागा भरून काढते.

या घटनेचा सर्वांत जुना व सर्वांत नाट्यमय दाखला युरोपांतील आहे. १५ ऑक्टोबर १९५८ रोजीं युगोस्लावियांत, बेलग्रेडजवळील विंचा येथील अणुसंस्थेंत, एका लहान अणुभट्टीवरचा ताबा सुटला. भट्टींत जड पाणी व नैसर्गिक युरेनियम होतें. तिची शक्ति वाढत चालली आहे हें वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. एकाला ओझोनचा वास आला, तेव्हां कोठें ती बंद करण्यांत आली. तोंवर सहा जणांच्या देहांतून घातक किरण पार झाले होते. त्यांतील बहुतेक विद्यार्थीदशेंतील तरुण होते. त्यांना विमानानें पॅरिसला, क्युरी रुग्णालयांत नेलें. तेथें जॉर्ज मॅथे या डॉक्टरांनीं त्यांचा उपचार हातीं घेतला. पहिले दिवस तसे बरे गेले. मग केंस गळूं लागले, पांढऱ्या पेशी झपाट्यानें कमी झाल्या, रक्तस्रावाचीं चिन्हें दिसूं लागलीं. मज्जा जळून गेल्याचें तें लक्षण होतें.

त्या काळीं परक्या माणसाची मज्जा दुसऱ्याच्या देहांत रुजते असें खात्रीनें सांगणारा कोणी नव्हता. अमेरिकेंत डोनल थॉमस यांनीं १९५७ सालीं सहा रोग्यांवर केलेल्या प्रयत्नांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता आणि तो आशादायक नव्हता. या थॉमस यांनाच पुढें १९९० मध्यें, याच विद्येसाठीं, नोबेल पारितोषिक मिळालें. मॅथे यांच्यापुढें मात्र वाट पाहण्यास अवधि नव्हता. फ्रेंच नागरिक पुढें आले. ज्यांची भाषा आपल्याला येत नाहीं, ज्यांना आपण कधीं पाहिलेलें नाहीं, अशा माणसांसाठीं त्यांनीं आपल्या हाडांत सुया खुपसूं दिल्या. नोव्हेंबर महिन्यांत पांच जणांना मज्जा देण्यांत आली. सहाव्याला किरणांची मात्रा कमी लागली असल्यामुळें तिची गरज पडली नाहीं. पांचांपैकीं एक दगावला. चार वांचले.

जगभर जयजयकार झाला. नंतर बारकाईनें पाहतां असें आढळलें कीं, त्या चौघांच्या रक्तांत दात्यांच्या तांबड्या पेशी कांहीं काळ दिसल्या खऱ्या, पण त्या हळूहळू कमी होत गेल्या आणि त्यांच्या जागीं रोग्यांचें स्वतःचेंच रक्त येऊन बसलें. कलम टिकलें नाहीं. खुंट पुन्हां फुटला. मग वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, परक्या मज्जेनें ते कठीण आठवडे निभावून नेले, म्हणून स्वतःची मज्जा परत येईपर्यंत हे लोक जगले. दुसरा पक्ष म्हणे, स्वतःची मज्जा परत आली यावरूनच सिद्ध होतें कीं ती पुरती मेली नव्हती, आणि दात्यांवांचूनहि ती परत आलीच असती. चारच रोग्यांवरून असल्या प्रश्नाचा निकाल लागत नसतो. दात्यांच्या औदार्याला मात्र या वादाचा स्पर्शहि होत नाहीं; देतांना त्यांना निकाल ठाऊक नव्हता.

ही अपेक्षाभंगाची गोष्ट येथेंच संपली असती तर ती वैद्यकाच्या इतिहासांतील एक तळटीप ठरली असती. पण त्याच मॅथे यांच्या हातून तिला पुढें निराळेंच फळ आलें. अप्लास्टिक ॲनिमिया म्हणून एक रोग आहे. त्यांत मज्जा कर्करोगानें ग्रासलेली नसते, सदोषहि नसते. ती नुसती ओस पडते, आटलेल्या विहिरीसारखी. अशा रोग्यांना मज्जा देण्यापूर्वीं त्यांच्या रक्षक पेशी दडपण्याकरितां मॅथे यांनीं प्राण्यांच्या रक्तांत तयार केलेला लसीचा प्रकार वापरला आणि १९७० सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. दात्याची मज्जा रुजली नाहीं. तरीहि रोग्याचें स्वतःचें रक्त परत आल्याचें दिसलें! ओस पडलेली मज्जा कशानें जागी झाली? दात्याच्या मज्जेनें, कीं त्या लसीनें? ब्रुनो स्पेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ मध्यें आपला अनुभव छापला: कांहीं रोग्यांना लसीसह मज्जा दिली, कांहींना नुसती लस दिली, आणि मज्जा न देतांहि रोगी सुधारले. तेव्हां उलगडा झाला. या रोगांत पुष्कळदां रोग्याच्या रक्षक पेशीच स्वतःच्या मज्जेचा नाश करीत असतात. त्यांना आवरलें कीं, उरल्यासुरल्या मूळपेशी पुन्हां कामाला लागतात. घोड्याच्या रक्तापासून केलेलें हें प्रतिद्रव्य आणि त्याच्या जोडीला सायक्लोस्पोरिन, हा आज ज्यांना जुळता दाता नाहीं अशा अप्लास्टिक ॲनिमियाच्या रोग्यांचा मुख्य उपचार आहे. फसलेल्या कलमानें एवढी मोठी गोष्ट शिकविल्याचें उदाहरण विरळा.

आतां यवतमाळच्या मुलाकडे वळावयाचें. अप्लास्टिक ॲनिमियांत स्वतःचें रक्त परत येणें हा आनंद. सिकलसेलमध्यें व थॅलेसेमियांत तसें नाहीं. कारण येथें परत येणारें रक्त जन्मतः सदोषच असतें. तें पूर्णपणें परत आलें कीं रोगहि पूर्णपणें परत आला. थॅलेसेमियाच्या मुलाला पुन्हां दर कांहीं आठवड्यांनीं रक्त चढवावें लागतें, सिकलसेलच्या मुलाचे हातपाय पुन्हां ठणकूं लागतात. एवढे हाल सोसून, शेत गहाण टाकून, महिनोन् महिने परक्या शहरांत राहून शेवटीं पूर्वीच्याच जागीं यावें, याइतकी जिवाला लागणारी दुसरी गोष्ट नसेल.

मात्र सारें रक्त परत येणें आणि थोडें परत येणें यांत फार अंतर आहे, आणि अहवाल हातीं आल्याबरोबर कपाळावर हात मारून घेणाऱ्या पालकांनीं हें अंतर समजून घेतलें पाहिजे. पुष्कळ रोग्यांत दात्याचें व स्वतःचें असें मिश्र रक्त वर्षानुवर्षें एकत्र नांदतें. सिकलसेलच्या बाबतींत असें आढळून आलें आहे कीं, मज्जेच्या कामांत दात्याचा वांटा शेंकडा वीसच्या आसपास असला तरी रोगाचीं लक्षणें हटतात. शेंकडा वीस म्हणजे पांचवा हिस्सा. एवढ्यानें कसें भागतें? शाळेंतल्या त्रैराशिकानें तें समजतें. समजा, शंभर मूळपेशींपैकीं वीस दात्याच्या व ऐंशी रोग्याच्या आहेत, आणि प्रत्येक पेशी दररोज सारखाच माल तयार करते. दात्याच्या तांबड्या पेशी १२० दिवस टिकतात. वीस गुणिले १२० म्हणजे २,४००. रोग्याच्या पेशी सरासरी १५ दिवस टिकतात असें धरलें, तर ऐंशी गुणिले १५ म्हणजे १,२००. हाडांत वीसास ऐंशी असा डाव हरलेला दिसतो, परंतु वाहत्या रक्तांत दात्याच्या पेशी रोग्याच्या पेशींच्या दुप्पट भरतात! प्रत्यक्षांत हिशेब इतका सरळ नसतो हें खरें. पण तो कोणत्या दिशेस झुकतो हें यावरून कळावें. म्हणून अहवालांत ‘स्वतःच्या पेशी साठ टक्के’ असें लिहिलेलें पाहून धीर सोडण्याचें कारण नाहीं. विचारावयाचा प्रश्न असा कीं, गेल्या वेळीं हा आंकडा किती होता आणि तो चढतो आहे कीं स्थिर आहे. स्थिर असेल तर डॉक्टर नुसतें लक्ष ठेवतात. चढत असेल तर रक्षक पेशींना आवरणाऱ्या औषधांचें प्रमाण बदलतात, कधीं दात्याच्या आणखी पेशी देतात. यासाठींच गांवीं परतल्यावर तीं औषधें मनानें बंद करूं नयेत आणि तपासणीच्या तारखा चुकवूं नयेत. कापसाची वेंचणी तोंडावर आली कीं मुंबईची खेप पुढच्या महिन्यावर ढकलावीशी वाटते हें स्वाभाविक आहे. पण नेमका तोच महिना निर्णायक ठरूं शकतो.

सिकलसेल प्रत्यारोपणानें बरा होतो हें कळलें तेंहि योगायोगानेंच. अमेरिकेंत मेम्फिस येथें एका आठ वर्षांच्या मुलीला सिकलसेल होताच, शिवाय रक्ताचा कर्करोग झाला. मज्जा दिली ती कर्करोगासाठीं. गेले दोन्हीं रोग. हा वृत्तान्त १९८४ सालीं प्रसिद्ध झाला.

कर्करोगाच्या बाबतींत स्वतःचें रक्त परत आलें तर पहिली शंका उलटल्याचीच येते, आणि ती योग्यच आहे. परंतु परत आलेल्या पेशी कर्करोगाच्याच असतील असें नाहीं. क्वचित् त्या निरोगी असतात, आणि असे रोगी प्रत्यारोपण फसूनहि दीर्घकाळ रोगमुक्त राहिल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेथें नुसता ठसा पुरत नाहीं. कर्करोगाची विशिष्ट खूण त्या पेशींत आहे कीं नाहीं, हें शोधावें लागतें.

याहूनहि वाईट अशी एक अवस्था आहे, ती म्हणजे दात्याची मज्जा रुजली नाहीं आणि स्वतःचीहि परत आली नाहीं. मग रोगी रक्तावांचून व रक्षणावांचून राहतो. जिवाचाच प्रश्न येतो. हा धोका जेथें अधिक दिसतो तेथें कांहीं रुग्णालयें प्रत्यारोपणापूर्वींच रोग्याच्या स्वतःच्या मूळपेशी काढून शून्याखालीं १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यांत जपून ठेवतात. वेळ आलीच तर त्या परत देतात. रोग परत येतो, पण मूल राहतें. ज्या पालकांना प्रत्यारोपणाचा विचार करावयाचा आहे त्यांनीं खर्चाइतकाच आग्रहानें हाहि प्रश्न आधीं विचारावा.

दाता मिळणें हीच मोठी अडचण. एकाच आईबापांच्या दोन मुलांच्या पेशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. आईबाप दोघेहि वाहक असतील तर भावंड स्वतः रोगी नसण्याचा संभव चारांत तीन. वाहक भावंडाची मज्जा चालते. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहींत, तेव्हां एखादें भावंड दाता म्हणून उपयोगी पडण्याचा संभव सोळांत तीन एवढाच होतो. अलीकडे अर्ध्याच जुळणाऱ्या आईबापांच्या मूळपेशीहि देतात; त्यांत कलम न रुजण्याचा व इतर गुंतागुंतीचा धोका अधिक असतो. खर्चाचें म्हणाल, तर कोल इंडिया या सरकारी कंपनीनें २०१७ पासून थॅलेसेमियाच्या आणि पुढें अप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांना प्रत्यारोपणासाठीं दहा लक्ष रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना चालविली आहे. वणीच्या भोंवतालच्या ज्या कोळशाच्या खाणी यवतमाळकरांच्या परिचयाच्या आहेत, त्या याच कंपनीच्या शाखेच्या. सिकलसेलच्या रोग्यानें मात्र या योजनेवर भिस्त ठेवण्यापूर्वीं तिचे नियम नीट विचारून घ्यावे.

अगदीं अलीकडे या प्रश्नाला नवेंच वळण लागलें आहे. दात्याच्या शोधांतच न पडतां रोग्याच्याच मूळपेशी काढावयाच्या, प्रयोगशाळेंत त्यांच्यांतील एका जनुकाला कात्री लावावयाची, म्हणजे जन्मानंतर बंद पडलेलें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां तयार होऊं लागतें; आणि मग त्याच पेशी त्यालाच परत द्यावयाच्या. ब्रिटननें नोव्हेंबर २०२३ मध्यें व अमेरिकेनें डिसेंबर २०२३ मध्यें ‘कॅस्गेव्ही’ या नांवाच्या अशा उपचारास मान्यता दिली. ज्या स्वतःच्या रक्ताच्या परत येण्याची आजवर धास्ती होती, तेंच येथें सुधारून परत आणतात. मज्जा रिकामी करणारीं तीव्र औषधें याहि उपचारांत चुकत नाहींत. अमेरिकेंत त्याची किंमत एका रोग्यामागें २२ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. तेव्हां घाटंजीच्या किंवा झरी-जामणीच्या मुलाला तूर्त हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि जुळणाऱ्या भावंडाची मज्जा, याच दोन वाटा मोकळ्या आहेत.